रोज एक माणूस, रोज एक पुस्तक: पब्लिक रेडिओवर इंटरव्ह्यू होस्ट व्हायचं असेल तर

गेली बारा-तेरा वर्षं मी अमेरिकन पब्लिक रेडिओवरच्या, म्हणजे जाहिरातींवर न चालणाऱ्या बिगर-व्यापारी रेडिओवरच्या, मुलाखती ऐकत आलेय, प्रवासात, घरकाम करताना, रात्री झोप येत नसली की, आणि गेली चारेक वर्षं स्वतःही एका छोट्या पॉडकास्टसाठी मुलाखती घेतेय. त्यामुळे विचारणारे बरेच असतात की हे काम शिकायचं कसं, कोर्स कुठला करायचा, आवाज चांगला लागतो का, माईक कुठला घ्यायचा. माझं उत्तर ठरलेलं आहे, माईकचं राहू दे, आधी टेरी ग्रोस या बाईंचं करिअर नीट बघ.

का, तर १९७५ साली त्या फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूएचवायवाय स्टेशनवर 'फ्रेश एअर' नावाचा कार्यक्रम करायला बसल्या आणि आजही तोच कार्यक्रम, तेच शहर, तेच स्टेशन. पन्नास वर्षं झाली. मुलाखतींचा आकडा १३ हजारांच्या वर गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. एवढा काळ रोज कुणालातरी प्रश्न विचारत राहायचं आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही, हे नुसतं बोलता येतं म्हणून जमत नाही. त्यात पद्धत आहे आणि ती शिकता येते. खाली जे लिहिलंय ते त्यांच्याकडून, आणि अजून दोन-तीन जुन्या होस्ट मंडळींकडून मी उचललेलं आहे, स्वतः वापरून बघितलेलं आहे.

आत शिरायचं कसं

पहिली गोष्ट समजून घ्या की अमेरिकेत पब्लिक रेडिओ म्हणजे एक मोठी कंपनी नाहीये. १९६७ मध्ये कायदा झाला, त्यातून सरकारी पैसा वाटणारी संस्था आली, १९७० मध्ये एनपीआर, म्हणजे नॅशनल पब्लिक रेडिओ, स्थापन झालं, पण देशभरची स्टेशनं ही एनपीआरच्या मालकीची नाहीत, ती आपापली आहेत, कुणी युनिव्हर्सिटीचं, कुणी स्थानिक ट्रस्टसारख्या संस्थेचं, आणि ती एनपीआरची मेंबर असतात. 'फ्रेश एअर' सुद्धा एनपीआर बनवत नाही, डब्ल्यूएचवायवाय बनवतं आणि एनपीआर देशभर पोचवतं. म्हणून ज्याला होस्ट व्हायचंय त्याने थेट एनपीआरच्या वॉशिंग्टनच्या ऑफिसकडे डोळे लावून बसण्यात काही अर्थ नाही, दार उघडतं ते जवळच्या छोट्या स्टेशनचं. एफएमच्या पट्ट्यात ८८ ते ९२ मेगाहर्ट्झमध्ये जी स्टेशनं सापडतात ती सगळी बिगर-व्यापारी, तिथे कॉलेजची स्टेशनंही भरपूर, तिथून सुरुवात करा.

टेरी ग्रोस अशाच आल्या. ब्रुकलिनमध्ये वाढल्या, बफेलोच्या युनिव्हर्सिटीत शिकल्या, मग शाळेत शिक्षिका म्हणून लागल्या आणि सहा आठवड्यांत नोकरी गेली, वर्ग सांभाळता येईना. १९७३ मध्ये युनिव्हर्सिटीच्याच डब्ल्यूबीएफओ स्टेशनवर बायकांसाठीच्या एका कार्यक्रमात त्यांना जागा मिळाली. तिथे त्या रेडिओ शिकल्या, रेकॉर्डिंग, टेप कापणं, गेस्ट शोधणं, सगळं. दोन वर्षांनी फिलाडेल्फिया. तेव्हाचा 'फ्रेश एअर' स्थानिकच होता, दुपारी मुलाखती आणि संगीत असा लांबलचक कार्यक्रम. राष्ट्रीय व्हायला १९८५ उजाडलं, तेही आठवड्यातून एकदा अर्धा तास, आणि रोज देशभर ऐकू यायला लागला तो १९८७ मध्ये. म्हणजे बारा वर्षं एका शहरापुरतं काम. ही बारा वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात, कारण लोक आज सहा महिन्यांत ऐकणारे वाढले नाहीत म्हणून बंद करतात.

दुसरं उदाहरण डायन रीम यांचं. त्यांच्याकडे कॉलेजची डिग्री नव्हती, घर आणि मुलं सांभाळत होत्या, वयाच्या छत्तिशी-सदतिशीत, १९७३ मध्येच, वॉशिंग्टनच्या डब्ल्यूएएमयू स्टेशनवर व्हॉलंटियर म्हणून गेल्या. पहिल्याच दिवशी होस्ट आजारी पडल्याने त्यांना माईकसमोर बसायला मिळालं. १९७९ मध्ये सकाळचा कार्यक्रम त्यांच्याकडे आला, १९८४ मध्ये त्याला त्यांचंच नाव मिळालं, आणि डिसेंबर २०१६ पर्यंत त्या रोज दोन तास लाइव्ह करत राहिल्या. म्हणून वयाचं आणि डिग्रीचं कारण मला कुणी सांगितलं की मी हे सांगते. व्हॉलंटियर म्हणून जा, फोन उचला, टेपा नीट लावा, कुणी आजारी पडलं तर तुम्ही तिथे हजर असायला हवं, एवढंच.

आणि एक माणूस आयुष्यात भेटला तर त्याला सोडू नका, तो म्हणजे ऐकणारा बॉस. बिल सीमरिंग यांनी बफेलोचं ते डब्ल्यूबीएफओ स्टेशन घडवलं, मग एनपीआरचं सुरुवातीचं ध्येयपत्र लिहिलं, तिथले पहिले प्रोग्रॅम डायरेक्टर झाले, आणि पुढे फिरून डब्ल्यूएचवायवायचे मॅनेजर म्हणून आले. 'फ्रेश एअर' देशभर गेला त्यात त्यांचा वाटा मोठा.

वाचन, कारण सगळं इथेच आहे

आता मुख्य गोष्ट. मुलाखतीचं खरं काम माईक बंद असताना होतं. टेरी ग्रोस संध्याकाळी घरी जाताना उद्याच्या गेस्टचं पुस्तक, सिनेमा, गाणी, जे असेल ते घेऊन जातात आणि रात्र त्यात जाते. रोज. हे ऐकायला साधं वाटतं पण करून बघा, आठवड्याला चार पुस्तकं, तीही स्वतः निवडलेली नाहीत, कधी जॅझ, कधी अफगाणिस्तान, कधी मेंदूची सर्जरी. ज्याला असं वाचायला मनापासून आवडत नाही त्याने या कामात येऊ नये असं मी स्पष्टच सांगते, आवाज कितीही गोड असो.

शिकागोचे जुने रेडिओ मुलाखतकार स्टड्स टर्केल तर पुस्तक वाचायचे म्हणजे पुस्तकाशी भांडायचे म्हणा ना. समासात लिहिणं, ओळीखाली रेघा, खुणा, पान भरून जायचं. असं रंगवलेलं पुस्तक हातात घेऊन ते स्टुडिओत बसायचे आणि समोरच्या लेखकाला ते दिसायचं. आता तुम्हीच विचार करा, तीन वर्षं खपून लिहिलेलं आपलं पुस्तक कुणीतरी असं वाचलेलं दिसल्यावर तो लेखक कसा बोलेल. त्याला इतर दहा ठिकाणी मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून प्रश्न विचारलेले असतात. टर्केल डब्ल्यूएफएमटी स्टेशनवर १९५२ ते १९९७ होते, पंचेचाळीस वर्षं, आणि लोकांनी त्यांना जे सांगितलं ते बहुतेक या वाचनामुळे सांगितलं असं माझं ठाम मत आहे.

माझी स्वतःची पद्धत सांगते, आठवडाभर वापरून बघा. पहिल्या वाचनात पेन्सिल फक्त तिथे टेकवायची जिथे मला स्वतःला थांबावंसं वाटलं, का थांबले ते लिहायचं नाही. पुस्तक संपलं की त्याच पानांवर परत जायचं आणि प्रत्येक खुणेपाशी एक ओळ लिहायची, 'इथे हा माणूस आईबद्दल पहिल्यांदा बोलतो आणि लगेच विषय बदलतो' अशी. प्रश्न अजून नाही. मग जुन्या मुलाखती वाचायच्या किंवा ऐकायच्या, पण पुस्तक संपल्यानंतरच, आधी नाही, कारण आधी वाचल्या की दुसऱ्याचे प्रश्न डोक्यात बसतात आणि आपण तेच विचारतो. जुन्या मुलाखतींचा उपयोग एवढाच की गेस्टची पाठ झालेली उत्तरं कळतात. प्रत्येक प्रसिद्ध माणसाकडे अशी आठ-दहा उत्तरं तयार असतात, त्याच शब्दांत, त्याच जागी हसून. ती कळली की तुम्ही त्या उत्तराच्या पुढच्या जागेवर प्रश्न ठेवू शकता, म्हणजे 'तुम्ही सांगितलंय की वडिलांनी गिटार फेकून दिली, तर त्यानंतर घरात परत गिटार कधी आली?'

वाचनात अजून एक गोष्ट येते, पडताळणी, आणि इथे डायन रीम यांच्यासारख्या अनुभवी बाईंचंही चुकलं. जून २०१५ मध्ये अमेरिकन सिनेटर बर्नी सँडर्स त्यांच्या कार्यक्रमात होते आणि त्यांनी सँडर्सना, तुमच्याकडे इस्रायलचंही नागरिकत्व आहे, असं सरळ वाक्य म्हणून ऐकवलं. ते साफ खोटं होतं, सोशल मीडियावर फिरणाऱ्या एका यादीतून आलेलं. सँडर्सनी तिथल्या तिथे नाकारलं, नंतर बाईंनी माफी मागितली. चाळीसेक वर्षांच्या अनुभवानंतर हे घडू शकतं तर आपल्याबाबतीत कधीही घडू शकतं. म्हणून नियम करा, प्रश्नात जेवढी माहिती आहे ती प्रत्येक दोन ठिकाणी तपासलेली हवी, आणि तपासता आली नाही तर ती वाक्य म्हणून न ठेवता खरंच प्रश्न म्हणून विचारा, 'हे खरं आहे का' असा. फरक छोटा वाटतो पण गेस्टच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा आहे.

प्रश्न

प्रश्न लिहून काढा, पण क्रमाने वाचू नका. मी साधारण तीस लिहिते, वापरते दहा-बारा. पहिला आणि शेवटचा तेवढा पक्का ठरवते. पहिला प्रश्न असा हवा की त्याला उत्तर देताना गेस्टला काहीतरी दिसलं पाहिजे, एखादी खोली, एखादा दिवस, एखादा माणूस, कारण माणूस काहीतरी आठवून बोलायला लागला की त्याचा आवाज बदलतो आणि रेडिओवर आवाजाशिवाय आपल्याकडे दुसरं आहेच काय.

लांब प्रश्न टाळा. नव्या होस्टचे प्रश्न लांब होतात कारण आपण किती वाचलंय ते दाखवायचं असतं. मीही केलंय, पहिल्या वर्षाचे माझे भाग ऐकले की मीच जास्त बोलतेय असं कळतं. वाचलेलं आहे हे प्रश्नाच्या नेमकेपणातून आपोआप दिसतं. एका प्रश्नात दोन प्रश्न तर अजिबात नकोत, गेस्ट सोप्याचं उत्तर देतो आणि अवघड सुटून जातो.

आणि तयारी न करता कुणाशी बोलायची वेळ आली तर? टेरी ग्रोस यांचं यावर सांगणं आहे की समोरच्याला फक्त, स्वतःबद्दल सांगा, एवढंच म्हणायचं. काम काय करता असं विचारलं तर त्याची कदाचित नोकरी गेलेली असेल, लग्न झालंय का विचारलं तर कदाचित मोडलेलं असेल, आपल्याला माहीत नसतं. मोकळं सोडलं की तो त्याला सोपं वाटेल तिथून सुरुवात करतो. मी हे रेकॉर्डिंगआधी आवाज तपासताना वापरते, 'नाश्त्याला काय खाल्लं' यापेक्षा फार चांगलं चालतं.

रेकॉर्ड बटण दाबायच्या आधीचे दोन मिनिटं

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या एका गोष्टीचा. टेरी ग्रोस गेस्टला आधीच सांगून ठेवतात की एखादा प्रश्न फार खाजगी वाटला तर मला सांगा, आपण पुढे जाऊ. आणि उत्तर नीट जमलं नाही, वाक्य अडखळलं, तर परत सुरुवात करा, रेकॉर्डिंग आहे, एडिट होईल.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अशाने तर सगळे महत्त्वाच्या प्रश्नाला नाही म्हणतील. उलटं होतं. दाराची कडी आपल्या हातात आहे हे माहीत असलं की माणूस निवांत बसतो. माझ्या एका मुलाखतीत एक आजोबा होते, सुरुवातीलाच मी हे सांगितलं, ते बरं म्हणाले आणि तासाभराने, मी विचारलंही नव्हतं, त्यांनी धाकट्या भावाच्या मृत्यूबद्दल सगळं सांगितलं, घरात कधी बोलले नव्हते म्हणे. मग मी त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करून परत विचारलं की हे ठेवायचं का. ते म्हणाले ठेवा. हा दुसऱ्या दिवशीचा फोन साध्या माणसांसाठी जरूर करा, ज्यांना मुलाखतीची सवय नसते त्यांना काय बोलून गेलो ते नंतर जाणवतं.

ही सवलत राजकारण्यांना मात्र नाही. टेरी ग्रोसही देत नाहीत. ज्याच्या हातात सत्ता आहे किंवा जो ती मागायला आलाय त्याला प्रश्न टाळायचा पर्याय आपण आधीच द्यायचा नाही, तो त्याचा तो शोधतोच.

समोरासमोर की दूरून

बऱ्याच जणांना माहीत नसतं की 'फ्रेश एअर'च्या बहुतेक मुलाखती समोरासमोर होत नाहीत. टेरी ग्रोस फिलाडेल्फियात, गेस्ट न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, दोघांच्या कानाला हेडफोन आणि मध्ये लाइन. त्यात एक फायदा आहे, चेहरा दिसत नसल्याने तुम्ही कागदाकडे निवांत बघू शकता, गेस्टला वाटत नाही की हिचं लक्ष नाही, आणि गेस्टच्या कपड्यांचा, रूपाचा, रुबाबाचा दबाव येत नाही. शिवाय ऐकणाऱ्यालाही फक्त आवाजच मिळणार असतो, म्हणजे दोघं एकाच जागी असता. खाजगी गोष्ट अंधारात सांगायला सोपी जाते तसंच काहीसं.

तोटा असा की शांतता कळत नाही. समोर असताना माणूस विचार करतोय की संपवून थांबलाय ते डोळ्यांत दिसतं, लाइनवर नाही. उपाय एकच, गेस्ट थांबला की मनात तीन मोजा. पहिल्यांदा ती तीन सेकंदं फार लांब वाटतात, आपण घाबरून पुढचा प्रश्न टाकतो आणि येऊ घातलेलं वाक्य परत आत जातं. एडिटमध्ये शांतता कापता येते, न बोललेलं वाक्य कुठून आणणार?

चालू असताना

सप्टेंबर २०११ मध्ये टेरी ग्रोस यांनी मॉरिस सेंडॅक यांच्याशी केलेलं बोलणं शोधून ऐका. लहान मुलांच्या पुस्तकांचे लेखक-चित्रकार, ८३ वर्षांचे, तब्येत ढासळलेली. निमित्त नव्या पुस्तकाचं होतं, पण बोलता बोलता ते जवळच्या गेलेल्या माणसांबद्दल बोलायला लागले, मला रडू येतं म्हणाले, झाडांबद्दल बोलले, आणि शेवटी टेरी ग्रोस यांनाच, आपलं आयुष्य जगून घे, असं परत परत सांगितलं. पुढच्या मे महिन्यात ते गेले. यात होस्टने काय केलं ते लक्ष देऊन ऐका, जवळजवळ काही नाही. पुस्तकाकडे परत ओढलं नाही, सांत्वनाचं भाषण केलं नाही. अनेक वर्षांत अनेकदा बोलणं झालेलं होतं, त्या ओळखीवर ते उभं आहे, आणि त्या क्षणी बाजूला होता आलं.

दुसऱ्या टोकाला जून २०१४ ची हिलरी क्लिंटन यांची मुलाखत. समलिंगी लग्नाला तुमचा पाठिंबा नंतर आला, तर मत बदललं का, की मत आधीपासून होतं आणि राजकीय वेळ आत्ता आली, हा प्रश्न. उत्तर वळसा घेऊन आलं, टेरी ग्रोस यांनी परत विचारला, परत वेगळ्या शब्दांत, परत. क्लिंटन चिडल्या, ते आवाजात ऐकू येतं. होस्टचा आवाज मात्र तोच राहिला. तोच प्रश्न परत विचारताना आवाज चढवायचा नाही, शब्द आणखी सोपे करायचे. आणि आपल्याला काय समजलं नाही ते नेमकं सांगायचं, त्याने भांडण होत नाही, झालं तरी ते उत्तर न देणाऱ्याचं होतं.

काही जण उठूनही जातात. २००३ मध्ये टीव्हीवाले बिल ओ'रायली मुलाखत अर्धवट सोडून गेले. ते गेल्यावर टेरी ग्रोस यांनी त्यांच्यावर टीका करणारा एक उतारा वाचून दाखवला आणि त्यावर एनपीआरच्याच ओंबुड्समनने, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याने, लिहिलं की हे योग्य झालं नाही, माणूस खुर्चीत नसताना आरोप वाचायचा नाही. मला ते पटतं. टेरी ग्रोस माझ्या खूप आवडत्या आहेत तरी पटतं. गेस्ट उठून गेला तर गेला एवढं सांगा, आधीचं जे झालं ते तसंच ऐकवा आणि थांबा. शेवटचा शब्द आपला असायला पाहिजे हा मोह त्या घटकेला फार जोरात येतो.

लाइव्ह फोन-इन, म्हणजे ऐकणारे फोन करून बोलतात तसा कार्यक्रम, असेल तर हे सगळं जरा वेगळं. मायकल क्रॅस्नी यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडीवर 'फोरम' १९९३ ते २०२१ चालवला, सोबत इंग्रजीचे प्राध्यापकही होते. लाइव्हमध्ये एडिट नाही, म्हणून कॉलर लांबला की त्याचं वाक्य तुम्हीच छोटं करून गेस्टसमोर ठेवायचं, कॉलरचा अपमान न होता. हे शिकवता येत नाही फारसं, करूनच येतं.

आवाज

आवाजाची भीती बाळगू नका. डायन रीम यांना १९९८ मध्ये स्पॅझमॉडिक डिस्फोनिया असल्याचं कळलं, त्यात स्वरयंत्राचे स्नायू आपोआप आखडतात, आवाज तुटक आणि घुसमटलेला येतो. काही महिने त्या हवेवर नव्हत्या. मग बोटॉक्सची इंजेक्शनं थेट स्वरयंत्रात घ्यायची, दर काही महिन्यांनी, असा उपचार सुरू झाला आणि त्या परत आल्या, हळू, थरथरत्या आवाजात, आणि पुढची अठरा वर्षं तोच आवाज देशभर ऐकला गेला. त्यांनी आजार लपवला नाही, सगळ्यांना सांगितला. त्यांच्या संथपणामुळे गेस्टही सावकाश बोलायला लागायचे असं मला ऐकताना नेहमी वाटतं.

एडिट आणि पैसे

एडिटबद्दल थोडक्यात. अर्थ बदलेल असं कापायचं नाही, उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडायचं नाही. अडखळणं काढा, सगळं नको, विचार करताना माणूस अडखळतो तेवढं राहू द्या. आपले स्वतःचे शब्द मात्र निर्दयपणे कापा.

पैशांचंही माहीत असू द्या, कारण या कामात होस्टला ते मागावेही लागतात. पब्लिक रेडिओवर जाहिरात चालत नाही, पुरस्कर्त्याचं नाव सांगता येतं पण किंमत सांगणं किंवा 'आजच खरेदी करा' म्हणणं नियमात बसत नाही. मोठा भाग ऐकणाऱ्यांच्या देणगीतून येतो, आणि वर्षातून काही वेळा देणगी मोहीम चालते तेव्हा होस्ट स्वतः माईकवर बसून मागतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पब्लिक ब्रॉडकास्टिंगला पुढच्या दोन वर्षांसाठी मंजूर झालेले जवळपास १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, त्याचा सगळ्यात मोठा फटका छोट्या गावांतल्या स्टेशनांना, जिथे नवीन माणसं शिकतात त्याच जागांना. मला याचं खरंच फार वाईट वाटतं. आत्ता या कामात येणाऱ्याने एडिटिंग, वेबसाइट, देणगीदारांशी बोलणं हे सगळं येत असायला हवं, फक्त होस्ट म्हणून जागा मिळणं अवघड आहे.

वर्षानुवर्षं टिकायचं तर

एकटीने होत नाही. डॅनी मिलर १९७८ मध्ये 'फ्रेश एअर'ला इंटर्न म्हणून आले आणि पुढे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर झाले, कित्येक दशकं तीच जोडी. गेस्ट कोण घ्यायचा, कुठला भाग ठेवायचा, होस्टला नाही कधी म्हणायचं, हे करणारं कुणीतरी शेजारी हवं. माझ्याकडे एक मैत्रीण आहे, ती प्रत्येक भाग बाहेर जायच्या आधी ऐकते आणि जिथे कंटाळली ती मिनिटं लिहून पाठवते, कारण देत नाही, फक्त मिनिटं. दरवेळी बरोबर असतात.

कामाची वाटणीही करा. 'फ्रेश एअर'मध्ये पुस्तकांचे, टीव्हीचे, संगीताचे समीक्षक ठरलेले आहेत, त्यामुळे रोजचा तास एकाच खांद्यावर नसतो, आणि २०२३ पासून टोन्या मोस्ली को-होस्ट आहेत. खुर्ची दुसऱ्याला कधी द्यायची याचा विचार वेळेत केलेला बरा.

आणि प्रसिद्ध माणसंच बोलवायला हवीत असं अजिबात नाही. टर्केल यांनी कितीतरी साध्या कामगार, बायका, बेकार माणसांशी बोलणं रेकॉर्ड केलं. ते एक आठवण सांगायचे, सरकारी घरांच्या वस्तीत एक बाई होती, तिच्याशी बोलणं झालं, तिच्या पोरांना आईचा आवाज ऐकायचा होता म्हणून टेप परत लावली, तर ती बाई तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली आणि म्हणाली की मला असं वाटत होतं हे मलाच माहीत नव्हतं. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली त्या आठवड्यात मुलाखती घ्यायला सुरुवात केली.

शेवटी एक काम, जे कुणी सांगत नाही. प्रत्येक रेकॉर्डिंगची मूळ, न कापलेली फाइल ठेवा, दोन वेगळ्या जागी, नावात तारीख, गेस्टचं पूर्ण नाव आणि ठिकाण. टर्केल यांचे पाच हजारांहून जास्त कार्यक्रम आज शिकागो हिस्टरी म्युझियम आणि स्टेशन मिळून सांभाळतात आणि लोकांसाठी खुले करतायत, ते टेपा कुणी फेकल्या नाहीत म्हणून. माझ्या पहिल्या वर्षाच्या सहा मुलाखती एका हार्ड डिस्कबरोबर गेल्या, दुसरी कॉपी नव्हती. त्यातले एक गृहस्थ आता हयात नाहीत, त्यांच्या मुलीने मध्यंतरी विचारलं की बाबांचा आवाज मिळेल का, आणि माझ्याकडे कापलेली अकरा मिनिटं तेवढी आहेत, ती मी तिला पाठवली.